सब्र, सई आणि सलाम

(वार्षिक बक्षीस समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण आताच पाहिला. त्यांचे व त्यांच्या आईवडिलांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु या मंडपात बसलेल्या मुलामुलींपैकी बहुतेकांचे नाव आज पुकारले गेलेले नाही. माझे आजचे बोलणे विशेषतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. सब्र, मेहनत आणि अदब हे तीन गुण गुणपत्रिकेवर छापले जात नाहीत. तरीही पुढच्या आयुष्यात माणसाची किंमत पुष्कळदा त्यांच्यावरूनच ठरते, असे मला वाटते.

आयुष्याला प्रवासाची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि आपल्या समाजाला प्रवास काही नवा नाही. कोकणातल्या कितीतरी घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या खलाशी म्हणून समुद्रावर गेले. पुढे आखाती देशांकडे जाण्याची वाट पडली. मुंबईहून जेद्दाला हाजी लोकांना घेऊन जाणारी जहाजे 1995 पर्यंत चालू होती. त्या जहाजावर आठवडाभर अनोळखी माणसांच्या शेजारी झोपायचे, पाण्यासाठी रांग लावायची, लाटांनी पोटात ढवळले तरी शेजारच्या म्हाताऱ्याला आधार द्यायचा. आज तेच अंतर विमान पाच-सहा तासांत तोडते. ही सोय झाली, हे चांगलेच झाले. मात्र प्रवास आखूड झाला तसा आपला सब्रही आखूड झाला की काय, अशी शंका कधी कधी येते.

अरबी भाषेत प्रवासाला ‘सफर’ म्हणतात. त्याच मुळापासून उघड होणे, पडदा दूर होणे या अर्थाचे शब्दही निघतात. म्हणून इमाम गझालींसारख्या विद्वानांनी म्हटले आहे की सफर माणसाचा स्वभाव उघडा करते. हजरत उमर (र.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. एका माणसाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी त्याला विचारले की तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस काय? त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस काय? तिन्ही प्रश्नांना उत्तर ‘नाही’ असे आले, तेव्हा हजरत उमर म्हणाले की मग तू त्याला ओळखतच नाहीस. मशिदीत किंवा वर्गात आपण सगळेच सभ्य असतो. उन्हात गाडी तासभर उशिरा आली, आत जागा एक आणि उभे दहाजण असले, म्हणजे आपण खरे कोण आहोत ते कळते.

आता पहिला गुण सब्र. सब्र म्हणजे हात बांधून नशिबाची वाट पाहणे, असा गैरसमज पुष्कळ ठिकाणी दिसतो. या शब्दाच्या मुळाशी रोखून धरणे, स्वतःला आवरणे हा अर्थ आहे. घोडा उधळू नये म्हणून लगाम धरावा लागतो, आणि तो धरायलाही ताकद लागतेच की! कुरआन शरीफच्या सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या प्रवासाची हकीकत आहे. आपल्यापेक्षा वेगळे ज्ञान असलेल्या एका पुरुषाच्या शोधात ते निघाले. परंपरेने त्या पुरुषाला हजरत खिज्र म्हणतात. दोन समुद्रांच्या संगमापर्यंत पोचेन, मग कितीही काळ लागो, असा त्यांचा निर्धार होता. चालून चालून थकले, ठिकाण मागे राहिले असे कळले, तेव्हा आपल्याच पावलांच्या खुणा धरून परत फिरले. भेट झाल्यावर त्यांनी काय म्हटले असेल? ते स्वतः पैगंबर होते. तरीही ‘मला शिकवा’ असा हुकूम त्यांनी केला नाही. ‘शिकण्यासाठी आपल्या मागे येऊ का?’ अशी परवानगी मागितली. विद्यार्थी मित्रांनो, गुरूपुढे कसे उभे राहावे याचा याहून मोठा धडा मला माहीत नाही.

या हकीकतीच्या शेवटी दोघे एका गावात पोचतात. भुकेले असूनही गावकरी त्यांना अन्न देत नाहीत. त्याच गावात एक पडायला आलेली भिंत हजरत खिज्र मजुरी न घेता उभी करून देतात. हजरत मूसांना नवल वाटते. पुढे उलगडा होतो की ती भिंत दोन अनाथ मुलांची होती. तिच्याखाली त्यांच्या बापाने ठेवलेले धन होते, आणि मुले मोठी होईपर्यंत ते सुरक्षित राहणे जरूर होते. गावाने पाहुणचार केला नाही म्हणून मुलांचा हक्क बुडू दिला गेला नाही. मला तर आपली शिक्षणसंस्था अशा भिंतीसारखीच वाटते. ती बांधणाऱ्यांना मजुरी मिळत नाही, पुष्कळदा आभारही मिळत नाहीत. आतले धन ज्यांचे आहे ती मुले अजून लहान आहेत. ती हाताशी येईपर्यंत भिंत उभी ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

दुसरा गुण मेहनत. हज आणि उमरा करणारा प्रत्येकजण सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो. त्या विधीचे नाव ‘सई’, आणि सई या शब्दाचा अर्थच धडपड, प्रयत्न. बीबी हाजरा तहानलेल्या तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत या दोन टेकड्यांमध्ये धावल्या, त्याची ती आठवण. सगळ्या फेऱ्या मिळून अंतर साधारण तीन किलोमीटर भरते. पहिल्या फेरीत पाणी दिसले नाही, दुसऱ्या फेरीत दिसले नाही, सहाव्या फेरीतही दिसले नाही. आणि शेवटी पाणी निघाले ते टेकडीवर नव्हे, बाळ होते तिथे. पण म्हणून त्या आईचे धावणे वाया गेले असे कोणी म्हणत नाही. उलट जगभरचे मुसलमान आजही तिच्या पावलांवर चालतात. अल्लाहवर भरवसा असलेल्या बाईनेही धावणे सोडले नाही, हे ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पालकहो, मुलगा दहावीला एका विषयात राहिला की आपल्याकडे काय होते? चार दिवस घरात बोलणी बसतात, आणि पाचव्या दिवशी कोणीतरी म्हणते, ‘जाऊ दे, पासपोर्ट काढा.’ पुरवणी परीक्षेची सोय त्याच वर्षी असते. दोन महिने त्याच्याबरोबर बसायला कोणी तयार झाले, तर बहुतेक मुले त्या विषयातून निघतात, हा आम्हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. परदेशी जाण्यास माझा विरोध नाही. आपल्या कितीतरी घरांचे छप्पर त्या कमाईवर उभे आहे. पण हातात शिक्षण घेऊन गेलेला आणि हात हलवत गेलेला, या दोघांच्या कामात आणि पगारात काय फरक पडतो, ते ज्यांनी तिकडे दिवस काढले त्यांनाच विचारा. एकाच फेरीत पाणी दिसले नाही म्हणून आपण त्या मुलाला टेकडीवरून खाली ओढतो.

सर सय्यद अहमद खान 1869 साली इंग्लंडला गेले तेव्हा त्यांचे वय पन्नाशीचे होते. तिथली विद्यापीठे त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिली. परत आल्यावर 1870 मध्ये त्यांनी पहिल्याप्रथम एक मासिक काढले, ‘तहजीबुल अखलाक’. नावाचा अर्थ आचार-विचारांचे संस्करण. 1875 मध्ये अलीगडला शाळा निघाली, 1877 मध्ये कॉलेजची पायाभरणी झाली. समाजातूनच विरोध झाला, टीका झाली. 1898 मध्ये ते वारले आणि विद्यापीठ झाले ते 1920 मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1874 मध्ये सुरू केलेली अंजुमन-ए-इस्लाम आज दीडशे वर्षांची झाली आहे. ज्या झाडाची सावली आपल्याला मिळणार नाही ते झाड लावणे, यालाच सब्र आणि सई एकत्र आली असे म्हणावे.

तिसरा गुण अदब, म्हणजे सौजन्य. याची सुरुवात एका सलामापासून होते. मोरोक्कोतल्या तंजा गावचा इब्न बतूता 1325 साली एकवीस वर्षांचा असताना एकटाच हजला निघाला. पुढे तो पंचवीस-तीस वर्षे हिंडत राहिला, आपल्या दौलताबादपर्यंतही आला. प्रवासाच्या सुरुवातीला त्याचा काफिला ट्यूनिस शहरात पोचला तेव्हा गावचे लोक आपापल्या ओळखीच्यांना सलाम करायला पुढे आले. याला कोणी ओळखत नव्हते, म्हणून कोणी सलाम केला नाही, आणि त्याला रडू कोसळले. हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. तेव्हा काफिल्यातल्या एका हाजीच्या ते लक्षात आले. तो जवळ आला, सलाम केला, आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी गोडीने बोलत राहिला. इब्न बतूताने पुढे सुलतान पाहिले, राजवाडे पाहिले. पण म्हातारपणाकडे झुकताना आठवणी सांगायला बसला, तेव्हा त्या एका माणसाचा सलाम तो विसरलेला नव्हता.

जून महिन्यात खेड्यातून पाचवीला किंवा अकरावीला नवी मुले आपल्या शाळेत येतात. कपडे साधे, बोली वेगळी, ओळखीचे कोणी नाही. त्यातले एखादे मूल पहिल्या आठवड्यात दप्तर मांडीवर घेऊन एकटेच बसलेले दिसते. मुलांनो, त्याच्या शेजारी जाऊन बसायला पैसे पडत नाहीत. ते मूल शाळेत टिकेल की दिवाळीनंतर गळेल, हे कधी कधी तेवढ्यावर ठरते.

आता एक गोष्ट थोडी स्पष्ट बोलतो, अध्यक्ष महोदयांनी क्षमा करावी. खेड्यापाड्यांतल्या शाळकरी मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. मुलगी हुशार असते, दहावीला चांगले गुण मिळवते, बापाची शिकवण्याची तयारी असते. तरी ती अकरावीला दोन-चार महिने जाते आणि घरी बसते. घरी जाऊन विचारले तर वडील खाली मान घालून म्हणतात, ‘सर, शिकवायचं आहे हो, पण गाडीतलं वातावरण बरं नाही.’ गरिबी तिच्या आड आली नाही, अभ्यास आड आला नाही. मागच्या बाकावर बसणाऱ्या चार मुलांच्या शेऱ्यांनी आणि हसण्याने तिचे शिक्षण थांबले. आणि ती चार मुले नेहमी परक्या गावची असतात, असे समजू नका. काही आपल्याच मोहल्ल्यातली असतात. कदाचित आज या मंडपातही असतील.

अशा वेळी मुलीला ‘तू सब्र कर’ असे सांगणे म्हणजे सब्र या शब्दाचा अपमान आहे. स्वतःला आवरायचे ते ज्याची जीभ सुटली आहे त्याने. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतर. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला उपदेश करतो, त्यातही चाल मध्यम ठेवावी आणि आवाज खाली ठेवावा, या गोष्टी आहेत. नमाजाइतक्याच आवर्जून या गोष्टी आपण मुलांना शिकवतो का, याचा विचार बापांनी करावा. ‘मुलगा आहे, चालायचंच’ असे म्हणून जो बाप हसून सोडून देतो, तो दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीचे कॉलेज बंद करत असतो.

तेव्हा मुलांनो, उद्यापासून काय करायचे ते सांगतो. गाडी आली की धक्काबुक्की न करता रांगेने चढा. खिडकीतून रुमाल किंवा दप्तर टाकून जागा धरू नका. म्हातारे माणूस, कडेवर मूल घेतलेली बाई दिसली की उठून जागा द्या, ती कोणत्या धर्माची, कोणत्या जातीची हे पाहू नका. कंडक्टरला नीट हाक मारा, तोही दिवसभर उभाच असतो. मोबाईलवर मोठ्याने गाणी लावू नका. आणि गाडीत कोणी मुलीला त्रास देत असेल तर खिडकीबाहेर पाहत बसू नका. पाच-सहा जण मिळून त्याला समजावा, ऐकत नसेल तर आम्हाला येऊन सांगा. एवढे जमले, तर ज्या गाडीत आपल्या शाळेची मुले असतात ती गाडी सुरक्षित, असा लौकिक तालुक्यात होईल. तो लौकिक बोर्डाच्या निकालाइतकाच मोलाचा आहे.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचे गुण सांगून आपल्या मुलाला खाली पाहायला लावू नका. आणि ज्या मुली या वर्षी घरी बसल्या असतील त्यांची नावे आमच्याकडे द्या. प्रवेशाची मुदत असेल तेव्हा आम्ही शिक्षक तुमच्याबरोबर कॉलेजात येऊ, डेपोत जाऊन गाडीच्या वेळेविषयी आणि बंदोबस्ताविषयीही बोलू. सातवी फेरी आपण सगळे मिळून घालू.

अल्लाह आपल्या मुलामुलींचा प्रवास सुखाचा करो आणि त्यांना चांगले सहप्रवासी बनवो, अशी दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद.