अन्न शुद्ध, पण वेष्टन?

(सुवर्णमहोत्सवी समारंभात बार्शी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)

संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी समर्थपणे केला आहे. मी रसायनशास्त्राचा जुना शिक्षक. म्हणून आपणांस केवळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेणार आहे. आपला समाज पाणी गाळून पिणारा, धान्य निवडून घेणारा, सूर्यास्तापूर्वी जेवणारा. परंतु इतक्या विवेकाने शिजविलेली आमटी आपण उकळती असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ओततो, तेव्हा तो विवेक कोठे जातो?

वेष्टन निर्जीव दिसते, पण ते स्वस्थ बसत नाही. प्लॅस्टिक लवचीक राहावे, कागदातून तेल झिरपू नये, डब्याच्या पत्र्यास गंज चढू नये, यासाठी रसायने वापरलेली असतात. उष्णता, तेल, आंबटपणा आणि काळ यांची साथ मिळाली की त्यांचा काही अंश अन्नात उतरतो. कागदी पेल्यात गरम द्रव १५ मिनिटे राहिल्यास आतील प्लॅस्टिकच्या अस्तरातून १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म कण मिसळतात, असे खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांना २०२० साली आढळले. भजी-चिवड्याला वर्तमानपत्राचा कागद तर २०१८ च्या केंद्रीय अन्नवेष्टन नियमांनीच वर्ज्य ठरविला आहे. कारण छपाईची शाई खाण्यासाठी नसते.

मग पर्याय कोणता? येथे घाई उपयोगी नाही. बिस्फेनॉल ए हे रसायन शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करते, असे दिसून आल्यावर अनेक उत्पादकांनी ते वगळले आणि त्याच्या जागी बिस्फेनॉल एस आणले. पुढे त्याचेही वर्तन बरेचसे तसेच असल्याचे आढळले. नाव बदलले, गुण बदलला नाही! प्लॅस्टिकऐवजी आलेल्या तेलरोधक कागदातही निसर्गात सहजी न विरणारी फ्लोरिनयुक्त रसायने निघाली. डेन्मार्कने २०२० मध्ये अशा कागदावर बंदी घातली. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंत बिस्फेनॉल ए निषिद्ध करताना त्याच्या घातक भावंडांनाही नियमाच्या कक्षेत घेतले.

याउलट एक समाधानाचे उदाहरण आपल्या बाजारपेठेतील प्रत्येक आडत दुकानात उभे आहे. ते म्हणजे बारदान. तागाचे तंतू मऊ करण्यासाठी पूर्वी खनिज तेल वापरीत. त्याचा अंश कोको, कॉफी यांसारख्या मालात उतरतो, अशी तक्रार परदेशी ग्राहकांनी केली. १९९८ साली अन्नपदार्थांच्या पोत्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरले आणि अशा पोत्यांसाठी भाताच्या कोंड्याचे तेल वापरात आले. पोते तेच, तागही तोच. केवळ तेल बदलले. दोष नेमका कोठे आहे हे शोधले, तर उपायही साधा सापडतो.

आपल्यापुरता उपाय तर घरातच आहे. जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिण्याची आपली रीत आहे. अन्नाचा कण वाया जाऊ नये आणि जीवोत्पत्ती होऊ नये, हा तिचा हेतू. फेकून देण्याच्या ताटाने ही रीतच संपविली. स्टीलचे ताट अन्नात काही मिसळत नाही म्हणावे इतके निरुपद्रवी आहे. भांडी घासण्यास माणसे व पाणी लागते आणि आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यात ही अडचण खरी आहे, हे मी नाकारत नाही. म्हणून मोठ्या समारंभास चोयांनी टाचलेली पळसाची पत्रावळ घ्यावी. मात्र तिच्या पाठीस प्लॅस्टिकचे अस्तर नाही, हे उलटून पाहावे.

विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाची स्मृती म्हणून संस्थेने समाजासाठी स्टीलच्या भांड्यांचा संच करावा व तो लग्नकार्यास, पारण्यास सर्वांना द्यावा. आणि आपण प्रत्येकाने बाहेर पडताना एक डबा सोबत घ्यावा. अहिंसेचा विचार आपण सूक्ष्म जीवांपर्यंत नेला. तो आपल्याच नातवंडांच्या घासापर्यंत पोहोचावा, एवढीच प्रार्थना.