मधेच थांबणाऱ्यांसाठी



या परिषदेत दोन दिवस आपण अभ्यासक्रम, अध्ययनसाहित्य आणि मूल्यमापन यांवर बोलणार आहोत. मी आज नियमांवर बोलणार आहे. प्रवेश कसा घ्यायचा, हजेरी किती भरायची आणि मधेच थांबावं लागलं तर काय करायचं, एवढ्याच तीन गोष्टी. विषय कारकुनी वाटेल. पण पस्तिशी-चाळिशीतलं माणूस शिकतं की राहून जातं, याचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो, हे समंत्रक म्हणून काम करताना मी पाहत आले आहे.

प्रौढांचं शिक्षण महाराष्ट्राला नवं नाही. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना जमावं म्हणून वर्ग सकाळी भरवले. १९७१ मध्ये मुंबई विद्यापीठानं टपालानं शिक्षण द्यायला सुरुवात केली. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद गावोगावच्या अभ्यासकेंद्रांच्या पाट्यांवर दिसू लागलं. या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आधी शिकणाऱ्याचा दिवस कसा जातो ते पाहिलं आणि मग वेळापत्रक आखलं. वेळ सैल झाली, जागा सैल झाली. नियम मात्र अजून अठरा वर्षांच्या, घरून डबा घेऊन कॉलेजात येणाऱ्या मुलाला समोर ठेवूनच लिहिले जातात.

प्रवेशाचंच पाहा. आज मुक्त किंवा दूरस्थ अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर आधी श्रेयांक बँकेचं खातं, म्हणजे एबीसी आयडी लागतो आणि त्याच्या आधारावर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डेब आयडी काढावा लागतो. हेतू चांगला आहे. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमांत आपल्या लोकांचे पैसे आणि वर्षं बुडाली आहेत, त्याला आळा बसायलाच हवा. पण हे खातं आधारवर उघडतं आणि आपल्या बायकांची गाडी तिथे अडते. दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. नावं जुळत नाहीत. मग विवाहनोंदणीचा दाखला आणा. लग्न वीस वर्षांपूर्वी गावी मांडवात झालं, नोंदणी कुणी केलीच नव्हती. मग राजपत्रात नावबदल छापून आणा. त्यात ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाईलवर, कारण आधारला जोडलेला नंबर त्याचा. तो असतो ड्युटीवर. ती सायबर कॅफेतून फोन करते, तो फोन उचलून आकडा वाचून दाखवेपर्यंत मुदत संपते, मग परत पहिल्यापासून सुरुवात. एक अंगणवाडी सेविका माझ्यासमोर अशी दिवसभर बसून होती. तिला मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसायचं होतं, त्यासाठी पदवी हवी होती. फी तिनं भिशीतून उभी केली होती. अडलं होतं फक्त आडनाव.

नाव जुळत नसेल तर तात्पुरता प्रवेश द्या आणि कागद आणायला एका सत्राची मुदत द्या. यात विद्यापीठाचं काहीच बुडत नाही. पदवीचं प्रमाणपत्र द्यायच्या आधी सगळे कागद तपासता येतातच.

दुसरा अडथळा गॅपचा. बारावीनंतर शिक्षणात खंड पडला असेल तर प्रतिज्ञापत्र मागायची अनेक ठिकाणी रीत आहे. या काळात मी अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतला नव्हता, असं अठरा वर्षांच्या संसारानंतर एका बाईनं शपथेवर लिहून द्यायचं. त्या अठरा वर्षांत तिनं दोन मुलं वाढवली, सासऱ्यांचं दुखणं काढलं, कोरडवाहू शेती राखली. यातलं काही त्या कागदावर येत नाही, यायची गरजही नाही. वीस वर्षांच्या मुलाकडून हा कागद मागण्यामागे काही कारण असेल. प्रौढाकडून तो मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी झालेल्यांना तर खंड हीच त्यांच्या शिक्षणाची वाट होती.

आता हजेरी. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे. हजेरी नको, असं मी म्हणणार नाही. बीएडला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांनुसार वर्गकामासाठी ८० टक्के आणि शाळेतल्या छात्रसेवाकालासाठी ९० टक्के हजेरी लागते आणि ती लागलीच पाहिजे. उद्या जो माणूस चाळीस मुलांसमोर उभा राहणार आहे, त्यानं आधी कुणाच्या तरी देखरेखीखाली उभं राहायला हवं. परिचारिकेनं रुग्णालयातले तास भरायलाच हवेत. जिथे हात शिकतात तिथे सूट नको.

पण बीएच्या रविवारच्या संपर्कसत्राला तीच फूटपट्टी लावून आपण काय मिळवतो? एसटीच्या वाहकाची ड्युटी कोणत्या रविवारी लागेल ते त्याच्या हातात नसतं. पोलीस शिपाई गणेशोत्सवात बंदोबस्तावर असतो, निवडणुकीत असतो, वारीत असतो. बीड-अहिल्यानगरकडचं ऊसतोडीचं कुटुंब दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या फडावर जातं ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततं आणि आपलं वर्ष नेमकं त्याच महिन्यांत भरात असतं. ही माणसं आळशी नाहीत. आपल्या हजेरीपटात त्यांच्यासाठी एकच खूण आहे, गैरहजर.

मग काय होतं ते या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. परीक्षेच्या तोंडावर एका बैठकीत सगळ्या सत्रांच्या सह्या होतात. समंत्रकाला विद्यार्थ्याचं वर्ष वाया घालवायचं नसतं, केंद्राला चौकशी नको असते आणि कागद पूर्ण होतो. यात मला सर्वांत जास्त खुपते ती गोष्ट अशी की, खोटी हजेरी लागली की खरी गैरहजेरी दिसेनाशी होते. कोण तिसऱ्या सत्रापासून यायचं थांबलं, का थांबलं, कुणाला एका फोननं परत आणता आलं असतं, हे सगळं त्या भरलेल्या पटाखाली गडप होतं. न पाळता येणारा नियम केला की आपली नोंदच खोटी होते आणि खोट्या नोंदीवर कुणाला मदत करता येत नाही.

म्हणून हजेरीऐवजी संपर्क मोजावा, असं मी सुचवते. वर्गात आला तर उत्तमच. नाही आला, पण गृहपाठ वेळेवर दिला आणि त्यावर समंत्रकाशी फोनवर बोलला, तर तो संपर्क धरा. ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकून दोन प्रश्न लिहून पाठवले, तर तोही धरा. फडावर पाचटाच्या खोपीत संध्याकाळी मोबाईलवर धडा ऐकणारा विद्यार्थी वर्गातल्या शेवटच्या बाकावर डुलकी घेणाऱ्यापेक्षा अभ्यासाच्या अधिक जवळ असतो.

आता सगळ्यांत दुर्लक्षित विषय, मधेच थांबण्याचा. फी परताव्यासाठी यूजीसीचा २०१८ चा नियम आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर किरकोळ प्रक्रियाशुल्क वजा करून पूर्ण फी परत. त्यानंतर पण शेवटच्या तारखेपूर्वी केला तर ९० टक्के, शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. तीस दिवस उलटले की काहीच नाही. दोन-चार कॉलेजांत प्रवेश घेऊन शेवटी एक निवडणाऱ्या मुलांसाठी ही रचना बरोबर आहे. त्यांचा गोंधळ प्रवेशाच्याच दिवसांत असतो. प्रौढाची अडचण येते चौथ्या महिन्यात. कंपनी रात्रपाळी लावते. वडिलांना अर्धांगवायू होतो. मूल राहतं. त्या दिवशी नियमांच्या पुस्तकात त्याच्यासाठी एकच दार असतं, प्रवेश रद्द करणं. ते त्याला नको असतं. त्याला शिक्षण सोडायचं नाही, सहा महिने थांबायचं आहे.

यासाठी आपल्याकडे रीतच नाही. त्यामुळे तो काहीच कळवत नाही. परीक्षेचा अर्ज भरला असेल तर गुणपत्रिकेवर गैरहजर लागतं आणि घरात त्याचा अर्थ नापास असा होतो. शिकणारी घरची सून असेल तर सासू म्हणते, सांगितलं होतं ना, या वयात कशाला. पुढच्या वर्षी परत यायचं तर तिला फी आणि हे बोलणं, दोन्ही पुन्हा सोसावं लागतं.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत ठरलेल्या मुदतीत विषय सोडला तर त्याची वेगळी नोंद होते आणि ती सरासरी गुणांत धरली जात नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात अभ्यास पुढे ढकलण्याची रीतसर सोय आहे. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही वाट काढली आहे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत खात्यावर राहणार. इग्नूत तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. हे सगळं स्वागतार्ह आहे. पण धोरणाची दारं वर्षाच्या शेवटी उघडतात आणि संसारातलं संकट तोवर थांबत नाही. चौथ्या महिन्यात थांबलेल्याच्या खात्यावर एकही श्रेयांक पडत नाही. सात वर्षांचं म्हणाल, तर बाळंतपणासाठी थांबलेली बाई मूल शाळेत रुळल्यावरच मोकळी होते आणि तोवर मुदत संपत आलेली असते. ही मुदत प्रौढांसाठी वाढवायला हवी.

माझी सूचना साधी आहे. एक पानी स्थगिती अर्ज असावा. तो परीक्षेच्या काही आठवडे आधीपर्यंत केंद्रावर किंवा मोबाईलवरून देता यावा. कारणाचा पुरावा मागू नये. भरलेली फी पुढच्या सत्राला वळती व्हावी, तपासलेल्या गृहपाठाचे गुण शाबूत राहावेत आणि गुणपत्रिकेवर नापासाची खूण उमटू नये. पुढच्या नोंदणीआधी केंद्रानं स्वतःहून त्या विद्यार्थ्याला बोलवावं.

याचा गैरफायदा घेतला जाईल, असं मला सांगितलं जातं. एका पदवीत दोनदाच सवलत द्या, गैरफायदा आटोक्यात राहील. केंद्रांचं उत्पन्न घटेल, असंही म्हणतात. फी परत करायची नसून पुढे न्यायची आहे आणि जो विद्यार्थी परत येतो तो पुढच्या वर्षांची फीही भरतो. दर्जा खालावेल ही तिसरी हरकत मला मुळीच पटत नाही. प्रश्नपत्रिका तीच राहणार आहे, तपासणीही तीच. उत्तरपत्रिका लिहायला बसण्याचा दिवस तेवढा पुढे जाईल.

या परिषदेच्या ठरावात दोन गोष्टी याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: नाव न जुळणाऱ्यांना तात्पुरता प्रवेश आणि मधेच थांबणाऱ्यांना रीतसर स्थगिती. ठराव विद्यापीठांकडे जाईल, विद्या परिषदेपुढे येईल, त्याला वेळ लागेल. पण एका कामाला कुणाच्याही मंजुरीची गरज नाही. गेल्या वर्षी प्रवेश घेऊन परीक्षेचा अर्ज न भरलेल्यांची यादी आपल्या प्रत्येक केंद्राच्या संगणकावर आहे. पुढच्या सत्राची नोंदणी सुरू होण्याआधी त्यातल्या प्रत्येकाला फोन करा, कशामुळे थांबलात ते विचारा आणि परत यायला काय लागेल ते लिहून घ्या.