खरखर कोठून येते?

ध्वनिवर्धकाचें काम एवढेंच कीं, जो क्षीण विद्युत्संदेश त्याच्या मुखाशीं येईल, तो त्याच रूपांत, पण शेंकडों पटींनीं मोठा करून, पलीकडे द्यावा. काम सरळ आहे. परंतु तें नीट झालें कीं नाहीं हें कोणी मोजूं लागला, म्हणजे चमत्कारिक गोष्टी दिसूं लागतात. गाणें बंद असतें, तरी मापकाचा कांटा शून्यावर येत नाहीं. कर्ण्याशीं कान नेला तर बारीक सूंऽ असा आवाज ऐकूं येतो. आवाजाची खुंटी पूर्ण मिटली कीं तो कमी होतो, हें कोणासहि पटेल. पण खुंटी पूर्ण उघडली तरीहि तो कमीच होतो, आणि सर्वांत अधिक होतो तो खुंटी मधल्या भागांत असतांना! हौशी माणूस खुंटी नासली असें ठरवून नवी आणतो. नवीहि तसेंच करते. मग व्हाल्व्ह बदलले जातात, आणि शेवटीं सबंध यंत्र जुन्या बाजारांत जातें. त्यांत दोष मुळींच नव्हता.

या कोड्याचें उत्तर शंभर वर्षांपूर्वींच्या एका शोधांत आहे. व्हाल्व्हमधून वाहणारा प्रवाह अखंड धारेसारखा नसून सुट्या इलेक्ट्रॉनांचा असतो. तेव्हां पत्र्यावर छर्रे पडावे तसा त्याचा आवाज झालाच पाहिजे, हें जर्मनींत वॉल्टर शॉट्की यानें १९१८ मध्यें गणितानें दाखविलें होतें. त्यामुळें सगळी खरखर व्हाल्व्हच्या माथीं मारणें सोपें झालें. न्यूयॉर्कच्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत जे. बी. जॉन्सन यानें मात्र तपास पुढें नेला. त्याला आढळलें कीं, खरखरीचा कांहीं भाग व्हाल्व्हचा नव्हेच. मुखाशीं जो रोधक जोडलेला असतो, त्याचा तो आहे. त्यानें रोधकाचे पदार्थ बदलून पाहिले, खरखर तेवढीच. रोधक थंड केला; खरखर उतरली. धातूंतील इलेक्ट्रॉन उष्णतेनें अखंड धडपडत असतात, आणि ती धडपड, बॅटरी जोडलेली नसतांहि, रोधकाच्या दोन टोकांशीं सूक्ष्म व्होल्टेज उत्पन्न करते. हॅरी नायक्विस्ट यानें त्याचें गणित मांडलें, आणि १९२८ च्या जुलैंत दोघांचे लेख एकत्रच प्रसिद्ध झाले. दोघेहि जन्मानें स्वीडिश, हा एक मौजेचा योग. जॉन्सननें या उपद्रवी आवाजावरूनच बोल्ट्झमनचा स्थिरांक काढला, आणि तो आजच्या मूल्यापासून सुमारें ८ टक्केच दूर होता.

आतां खुंटीकडे वळावें. एक लाख ओहमची खुंटी मध्यावर असली आणि मागें कमी रोधाचें साधन असलें, तर तिचे पन्नास-पन्नास हजारांचे दोन भाग समांतर होऊन ध्वनिवर्धकापुढें २५ हजार ओहम येतात. दोन्ही टोकांना हा रोध जवळजवळ नाहींसा होतो. २५ हजार ओहमचा रोध, खोलींतील उष्णतामानाला, श्रवणाच्या २० हजार आवर्तनांच्या पट्ट्यांत सुमारें ३ मायक्रोव्होल्ट खरखर देतो. यंत्रानें ती हजारपट केली कीं ३ मिलिव्होल्ट झाले. हाच पट्टा चौपट रुंद ठेवून दुसऱ्यानें मोजलें, तर त्याला दुप्पट आंकडा मिळेल, आणि दोघेहि खरे असतील. पट्टा न सांगतां दिलेला खरखरीचा आंकडा म्हणूनच कुचकामाचा.

तेव्हां कांहींहि बदलण्यापूर्वीं ध्वनिवर्धकाच्या मुखाचीं दोन टोकें आंखूड तारेनें जोडून मोजावें. आवाज उतरला तर तो बाहेरून, किंवा मुखाशीं असलेल्या रोधांतून, येत होता. न उतरला तर यंत्रांत शोधावें.

घूंऽ अशा आवाजाची जात निराळी. तो दर सेकंदास १०० आवर्तनांचा असेल, तर बहुधा वीजपुरवठ्यांतील कंडेन्सर थकलेले असतात. ५० चा असेल, तर घरांतील विजेचा शिरकाव कोठून होतो तें पाहावें. ध्वनिवर्धक आणि त्याला जोडलेला संगणक या दोघांनाहि भिंतींतून अर्थिंग मिळतें, आणि मोजण्याची तार त्यांना पुन्हां जोडते. असें कडें पूर्ण झालें कीं त्यांत प्रवाह खेळूं लागतो. संगणक पुरवठ्यापासून सोडवून बॅटरीवर चालवितांच आवाज थांबला, तर दोष यंत्राचा नसून जोडणीचा आहे.

येथें कांहीं लोक एक भलताच उपाय करतात. ते प्लगमधील अर्थिंगची तारच कापतात. आवाज खरोखर जातो, म्हणून तो उपाय तोंडोतोंडीं पसरतो. परंतु पुढें कधीं आंतील तार सुटून पेटीला टेकली, तर ती लोखंडी पेटी २३० व्होल्टवर तशीच उभी राहते, आणि खुंटी फिरवावयास गेलेला हात हाच तिला जमिनीकडे जाण्याचा मार्ग उरतो. कडें तोडावयाचें तें संदेशाच्या तारेंत, योग्य ट्रान्सफॉर्मर मध्यें घालून. किंवा दोन्ही यंत्रें एकाच फळीवरील सॉकेटांत लावून तें कडें लहान करावें. फळीला चारशें रुपये पडोत कीं पांचशें, अर्थिंगच्या तारेला कात्री लावूं नये.