बाबा चालताना मध्येच का बसतात?

तर मंडळी, बाजारातून येताना बाबांचे पाय दहा मिनिटांत भरून येतात आणि कट्ट्यावर बसले की लगेच बरं वाटतं, असं होतंय का? ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. कमरेच्या मणक्यांतली नसांची वाट अरुंद झाली असेल. पुढे वाकलं की तिथे थोडी जागा होते. म्हणून तर ट्रॉली ढकलत मॉलभर फिरणं जमतं, सायकलही जमते! नुसतं उभं राहूनच आराम पडत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्याही तपासून घ्या. एमआरआयचा रिपोर्ट वाचून घाबरू नका; त्रास नसलेल्या म्हाताऱ्यांतही हा अरुंदपणा दिसतो. सुरुवात सहसा फिजिओथेरपीनेच होते. पण लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा.