यंत्राची चाचणी आणि माणसाची हजेरी



चालकांचे बोलावणे आले तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत, मजुरांच्या मस्टरवर झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेवर विद्वानांनी बोलावे. परंतु नवी यंत्रे ज्यांच्यावर प्रथम अजमावली जातात, त्या जव्हार-मोखाड्याच्या माणसांत आमचे आयुष्य गेले. त्यांच्या वतीने दोन शब्द बोलण्याचे धाडस करतो.

प्रश्न असा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे बनविणाऱ्या कंपन्या म्हणतात, ‘आमचा माल नवा आहे. तो वापरून पाहावयाचा आहे. तोवर काही काळ आम्हांस नियमांतून सूट द्या.’ या व्यवस्थेला ‘सँडबॉक्स’ असे नाव पडले आहे; म्हणजे मुलांनी खेळावयाची वाळूची पेटी. ब्रिटनमध्ये पैशाच्या व्यवहारांसाठी 2016 साली अशी पेटी सुरू झाली. आपल्या रिझर्व्ह बँकेने 2019 साली तिचे नियम केले. युरोपच्या 2024 च्या कायद्याने प्रत्येक सदस्य देशाला कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अशी एक तरी पेटी उभारावयास सांगितले. अमेरिकेच्या सिनेटमध्ये टेड क्रूझ यांनी सप्टेंबर 2025 मध्ये विधेयक मांडले. त्यात सूट दोन वर्षांची, पण वाढवीत वाढवीत दहा वर्षांपर्यंत नेण्याची सोय आहे. आपल्याकडेही वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा 2023 साली झाला, त्यात अंमल सुरू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत कोणालाही, कोणत्याही कलमातून, ठराविक मुदतीची सूट जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारने राखून ठेवला आहे.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. वैशाखात डोक्यावर हंडा घेऊन मोखाड्याची दरी चढणाऱ्या बाईला यंत्र नको, असे कोण म्हणेल? नवे यंत्र प्रथम चुकणार, आणि चुकता चुकताच सुधारणार, हेही आम्हांस मान्य आहे. आमचे विचारणे एवढेच, की पेटीत कंपनी खेळणार, तर त्या पेटीतली वाळू कोण?

एक अनुभव सांगतो. रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून मोबाइलवरची हजेरी सर्वत्र सक्तीची झाली. सकाळी एक फोटो, दुपारी एक फोटो. मोखाड्याच्या एका पाड्यावर चर खणण्याचे काम चालू होते. रेंज मिळावी म्हणून मेट टेकडीवर चढला. सकाळचा फोटो गेला, दुपारचा गेला नाही. मजुरांचा दिवस बुडाला. त्या वर्षी मजुरी 273 रुपये होती. एका बाईने आम्हांस विचारले, “दादा, मी खणलेला चर हाय, मंग मी कशी नव्हते?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. रेंज नव्हती हा काही तिचा गुन्हा नव्हे. पण दंड भरला तिने.

त्या हजेरीत बुद्धी अशी काही नव्हती, केवळ फोटो होता. आता चेहरा ओळखणारी यंत्रे आली. अंगणवाडीतून घरी न्यावयाच्या आहारासाठी 1 जुलै 2025 पासून आईच्या चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. ज्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची बालके 1992 साली कुपोषणाने गेली, तेथे या आहाराच्या पाकिटाचे मोल काय, हे आम्ही सांगावयास नको. अशी यंत्रे सर्वांना सारखीच ओळखतात असेही नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन विदुषींनी 2018 साली बड्या कंपन्यांची यंत्रे तपासली. चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा, एवढेच सांगावयाचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकडा एकाच्याही आत. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती शेकडा 34 च्या वर गेली. उन्हात राबून चेहरा रापलेल्या आमच्या बायांनी यातून काय समजावे?

ही सरकारी यंत्रे झाली, हे खरे. पण उद्या कंपनी सूट घेऊन येईल, तेव्हा तीही याच पाड्यांवर येईल. कारण नकार देण्याचे बळ जेथे कमी, तेथे चाचणी सोपी.

तात्पुरती सूट म्हणजे काय, ते कामगारांनी पाहिले आहे. कारखाना कायद्यात सार्वजनिक आणीबाणीपुरती सूट देण्याचे कलम होते. त्याचा आधार घेऊन एप्रिल 2020 मध्ये गुजरात सरकारने बारा तासांची पाळी लावली आणि जादा तासांचा दुप्पट दर काढून घेतला. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली आणि जादा कामाचा मोबदला द्यावयास लावला. पण तोवर कामगारांचा घाम गाळून झाला होता.

उलट, रिझर्व्ह बँकेची पेटी पाहा. तेथे चाचणी घेणाऱ्याला काही नियमांतून सूट मिळते, परंतु ग्राहकाप्रती असलेल्या जबाबदारीतून मिळत नाही. ग्राहकाला जोखीम आधी सांगावी लागते, त्याची संमती घ्यावी लागते. युरोपच्या कायद्यातही पेटीत असताना झालेले नुकसान कंपनीनेच भरावयाचे आहे. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही. मग बँकेच्या खातेदाराला जी आडभिंत मिळते, ती आमच्या कातकरी बाईला का मिळू नये?

आमचे मागणे चार वाक्यांचे आहे. चाचणीच्या काळात यंत्र चुकले तर मजुराची हजेरी आणि आईचा आहार चालूच राहावा. यंत्राचा शब्द अखेरचा समजू नये. चाचणी आहे हे मराठीत, पाड्यावर येऊन सांगावे, आणि नको म्हणणाऱ्याचे काही कापू नये. आणि सुटीची मुदत ठरलेली असावी, नुकसान कोण भरणार त्याचे नाव चावडीवर लिहिलेले असावे.

कंपनीला चुकण्याची सवलत द्यावयाची तर खुशाल द्या. पण जिच्यावर ती चूक कोसळते तिलाही तेवढ्याच मुदतीची सवलत द्या. आपण शहरातली सुशिक्षित मंडळी. अशा नियमांचे मसुदे आपण वाचता, त्यांवर हरकती पाठविता. पुढची हरकत लिहिताना त्या बाईचा प्रश्न तिच्यात घाला, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.