शिक्षणाला उमेदवारीची जोड

(सातिवली येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे नुकत्याच निवृत्त झालेल्या एका वाणिज्य प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या विषयाला महाविद्यालयांत ‘इंटर्नशिप’ म्हणतात. मी आज त्यासाठी ‘उमेदवारी’ हा जुना शब्द वापरणार आहे. हा शब्द ऐकताच पंचायत सदस्यांना निवडणुकीचा अर्ज आठवेल, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु आपल्या आजोबांच्या पिढीत उमेदवारी करणे म्हणजे वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात किंवा एखाद्या कारखान्यात अल्प वेतनावर, प्रसंगी बिनपगारी राहून काम शिकणे. १९६१ च्या कायद्याचे नावही ‘शिकाऊ उमेदवार अधिनियम’ असेच आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना वर्षभराची आंतरवासिता कित्येक वर्षांपासून सक्तीची आहे, आणि येथे बसलेल्या तरुण शिक्षकांनी बी.एड.च्या दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत काढलेले असतील. तेव्हा कल्पना नवी नाही. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या सर्वसामान्य विद्यार्थ्यापर्यंत ती आली, एवढेच नवे आहे.

नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यात अमलात आणण्यासाठी २० एप्रिल २०२३ रोजी शासन निर्णय निघाला. त्यातील अभ्यासक्रमाच्या आराखड्यात प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यावयाच्या प्रशिक्षणाला स्वतंत्र श्रेयांक देण्यात आले. पदव्युत्तर वर्गांना ते पहिल्याच वर्षी आले, पदवीच्या वर्गांना नंतरच्या सत्रांत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे उमेदवारीचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. म्हणजे चार श्रेयांकांसाठी १२० तास काम हवे. ही बाब ऐच्छिक राहिलेली नाही. तास भरले नाहीत तर श्रेयांक नाहीत आणि श्रेयांक नाहीत तर पदवी अडते.

येथून अडचणीला प्रारंभ होतो. ज्याचा मामा अंधेरीला सनदी लेखापाल आहे, त्याचे १२० तास एका दूरध्वनीत ठरतात. ज्या मुलीचे वडील याच सातिवलीतील एखाद्या गाळ्यात यंत्रावर उभे राहतात, तिने कोणाला दूरध्वनी करावा? मला एक कबुली द्यावयाची आहे. काही काळापूर्वी एम.कॉम.च्या एका विद्यार्थ्याने माझ्यापुढे एका दुकानाचे प्रमाणपत्र ठेवले. १२० तास, कामगिरी उत्तम, खाली शिक्का. ‘तू तेथे काय केलेस?’ असे मी विचारले. तो प्रामाणिक होता. ‘सर, दुकान आमच्या नातेवाइकांचे आहे,’ एवढेच म्हणाला आणि मान खाली घातली. मी सही केली. त्याचे वर्ष वाया जाऊ नये, असे मी मनाला समजावले. त्याच आठवड्यात एक मुलगी रोज लोकलने मुंबईला जाऊन, धक्के खाऊन पूर्ण केलेले तास घेऊन माझ्याकडे आली. तिलाही मी तेवढेच गुण दिले. ती गोष्ट मला अजून टोचते.

त्या मुलीच्या प्रवासाचा हिशेब करून पाहा. विरारपासून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. रोज चार तास काम धरले तर १२० तासांना तीस दिवस लागतात. घरापासून घरापर्यंत जाण्यायेण्याचे किमान तीन तास धरले तर ९० तास निव्वळ प्रवासात गेले. आणि ही मुलगी ज्या रस्त्याने स्थानकाकडे जात होती, त्याच्या दुतर्फा कारखाने होते!

सातिवली, गौराईपाडा, वालीव, गोखिवरे हा पट्टा आपण सर्वजण पाहतो. तारापूरची वसाहत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची आहे. येथे मात्र बहुतेक गाळे खाजगी वसाहतींतील आहेत. कोठे प्लास्टिकचे साचकाम, कोठे यंत्राचे सुटे भाग, कोठे पुठ्ठ्याची खोकी. दहा, बारा, वीस माणसांचे हे उद्योग. यांच्या फाटकावर ‘उमेदवार पाहिजेत’ अशी पाटी नसते, ‘हेल्पर पाहिजे’ अशी असते. त्यामुळे बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला वाटते की येथे आपल्यासाठी काही नाही, आणि मालकाला वाटते की कॉलेजचा मुलगा आपल्या काय कामाचा.

दोघांचाही समज चुकीचा आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला, तेव्हापासून लहानात लहान गाळ्याच्या कचेरीतही कागदाचे काम वाढले आहे. समजा, एका कारखानदाराने सुटे भाग घासकामासाठी शेजारच्या गाळ्यात पाठविले. माल विकलेला नाही, तरी चलन करावे लागते. तो एका वर्षाच्या आत परत आला नाही, तर कायद्याने तो पाठविलेल्या दिवशीच पुरवठा झाला असे धरले जाते आणि कराचा प्रश्न उभा राहतो. आमच्या पाठ्यपुस्तकात हे कलम दोन ओळींत येते आणि परीक्षेत पाच गुणांना विचारले जाते. गाळ्यात मात्र त्या चलनांची एक फुगलेली फाईल असते आणि त्यांतील कोणता माल परत आला, कोणता यावयाचा आहे, याचा ताळा करावयास कोणाला सवड नसते. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याने पंधरा दिवस बसून तो ताळा केला, तर मालकाचे काम होते आणि विद्यार्थ्याला ते कलम जन्मभर विसरता येत नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला कच्च्या मालाची तपासणी व घाणीची नोंदवही आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे काय, असे विचारले जाते. त्यांच्याकडे मी पुढे येतो.

आता अर्ज कसा करावा? विद्यार्थी अर्ज लिहितात तो असा: ‘मला आपल्या प्रतिष्ठित संस्थेत संधी मिळावी, ही नम्र विनंती.’ हे वाचून मालकाला काही बोध होत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘मी वाणिज्य शाखेच्या तृतीय वर्षात आहे. मला संगणकावर हिशेब ठेवता येतो. आपल्याकडील बाहेर पाठविलेल्या मालाच्या चलनांचा ताळा करून देण्याची माझी इच्छा आहे. अमुक तारखेपासून दुपारी दोन ते सहा या वेळेत तीस दिवस येऊ शकेन. महाविद्यालयाचे पत्र सोबत आहे.’ एका पानाच्या आत हे सारे बसते. इंग्रजीच हवे असा आग्रह नको; गाळ्याचा मालक कोणती भाषा सहज वाचतो हे पाहून लिहावे. अर्ज हातात घेऊन स्वतः जावे. वडिलांना बरोबर नेऊ नये, हेही सांगून ठेवतो. मालक मग वडिलांशीच बोलतो.

केव्हा जावे, यालाही महत्त्व आहे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या उद्योगात महिन्याच्या ११ आणि २० या तारखांपूर्वी हिशेबनीस मान वर करीत नाही. विचारणा करावयाची ती २० तारखेनंतर. प्रत्यक्ष काम मात्र त्या तारखांच्या आसपास असेल असे ठरवावे, कारण शिकण्यासारखे तेव्हाच घडते. शिवाय साप्ताहिक सुट्टी सर्वत्र रविवारीच असते असे नाही. तो वार आधी विचारावा, नाहीतर विद्यार्थी बंद दारावरून परततो आणि पुन्हा जात नाही.

शासकीय योजनांविषयी बराच गैरसमज आहे, म्हणून थोडे स्पष्टीकरण करतो. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तीत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आय.टी.आय. वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना २१ ते २४ वर्षांच्या तरुणांसाठी सुरू झाली. परंतु राज्याच्या योजनेत शिक्षण चालू असलेला विद्यार्थी पात्र नव्हता आणि केंद्राच्या योजनेत पूर्णवेळ शिकणारा. या दोन्ही योजना शिक्षण संपविलेल्या तरुणांसाठी आखलेल्या होत्या. दुसऱ्या वर्षातील मुलांना ‘तेथे अर्ज करा’ असे सांगून आम्ही शिक्षकांनी कित्येकांचे दिवस फुकट घालविले आहेत.

पदवी हातात आल्यावर वाट अधिक रुंद होते. शिकाऊ उमेदवार अधिनियमात २०१४ मध्ये सुधारणा झाली आणि अभियांत्रिकीखेरीज अन्य पदवीधरांनाही त्याचे दार उघडले. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक ठेवले. पदवीधराचे किमान विद्यावेतन तेव्हा दरमहा ९,००० रुपये ठरले होते. अर्ज करताना चालू दर पाहून घ्यावा. येथील बहुसंख्य गाळे त्या ऐच्छिक वर्गात मोडतात. त्यांना सक्ती नाही, पण मनाईही नाही, आणि आपण बारा माणसांवरही रीतसर उमेदवार घेऊ शकतो हे पुष्कळ मालकांना कोणी सांगितलेलेच नसते. पश्चिम विभागाचे शिकाऊ प्रशिक्षण मंडळ मुंबईत शीव येथे आहे. पदवीधरांचे व पदविकाधारकांचे काम तेथून चालते.

यांपैकी कोणत्याही शासकीय संकेतस्थळावर नोंदणीला पैसे पडत नाहीत. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतो. ‘दोन हजार भरा, घरबसल्या प्रमाणपत्र मिळेल’ असे संदेश विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर येतात. उमेदवारीसाठी जो पैसे मागतो त्याच्याकडे जाऊ नये. एखादा उद्योग खरा आहे की नाही हे पाहावयाचे, तर त्याचा वस्तू व सेवा कराचा क्रमांक आणि उद्यम नोंदणीचा क्रमांक विचारावा; दोन्ही शासनाच्या संकेतस्थळांवर पडताळता येतात. या पडताळणीस पाच मिनिटे पुरतात.

मुलींच्या पालकांची काळजी वेगळी असते आणि तिला ‘काही होत नाही’ असे उत्तर देणे बरोबर नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमात ‘कर्मचारी’ या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारही येतात, मग पगार असो वा नसो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. महाविद्यालयाने पत्र देतानाच मालकाला समितीविषयी विचारावे. विद्यार्थिनीने विचारले तर ते उद्धटपणाचे वाटते. प्राध्यापकाने विचारले तर नियमाचे वाटते. तसेच चालत्या यंत्राजवळ विद्यार्थ्याने हात घालू नये, हे पत्रातच लिहिलेले असावे. अपघात विम्याची सोयही महाविद्यालयाने पाहावी.

आता पंचायत सदस्यांना उद्देशून. सातिवली महानगरपालिकेत आहे, पण आपण पारोळ, भाताणे, खानिवडे या बाजूंनी आला आहात, आणि तिकडची मुले वसई-विरारच्या महाविद्यालयांत येतात. आपल्या पंचायतीच्या कचेरीतच १ ते ३३ नमुन्यांची दप्तरे आहेत. नमुना आठची आकारणी नोंदवही अद्ययावत करण्याचे काम किती पंचायतींत मागे पडले आहे, हे आपणच जाणता. अर्थशास्त्राची किंवा राज्यशास्त्राची विद्यार्थिनी ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या हाताखाली तीस दिवस बसली, तर स्थानिक स्वराज्य हा विषय तिला पुस्तकाबाहेर दिसेल. भूगोलाचा विद्यार्थी पाणवठ्यांचा नकाशा करील, मराठीचा विद्यार्थी ग्रामसभेचे इतिवृत्त नीट लिहावयास शिकेल. कला शाखेचे उत्तर मला येथे सापडते. यासाठी मासिक सभेत एक ठराव आणि महाविद्यालयाला एक पत्र एवढी सुरुवात पुरेशी आहे. घरपट्टीच्या वसुलीला मात्र विद्यार्थ्यांना पुढे पाठवू नये. तो मोह होतो.

माझ्या शिक्षक बंधूंना एवढेच मागतो की प्रमाणपत्राबरोबर दैनंदिनी मागा. रोज चार ओळी: आज काय काम दिले, काय अडले, कोणाला विचारले. मजकूर खोटा असेल तर ‘काय अडले’ या रकान्यात उघडा पडतो, कारण न केलेल्या कामात अडचण सुचत नाही. मी त्या मुलाकडे ही वही मागितली असती, तर कदाचित तो दुसऱ्या दिवसापासून खरोखरच दुकानात जाऊन बसला असता. सत्राचे सहा आठवडे तेव्हा शिल्लक होते. आणि महाविद्यालयांनी एकेकट्या विद्यार्थ्याला फाटकोफाटकी फिरविण्यापेक्षा येथील उद्योजकांच्या संघटनेशी व जिल्हा उद्योग केंद्राशी बोलून घेणाऱ्या गाळ्यांची एक यादी करावी, ती दरवर्षी जूनमध्ये फलकावर लावावी. ज्याला मामा नाही त्याला निदान यादी असावी.

नमुन्यादाखल अर्ज, महाविद्यालयाचे पत्र आणि दैनंदिनीचे पान अशा तिन्हींच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. कृपया प्रत्येकी एक संच घ्यावा. भाताण्याकडे जाणाऱ्या मंडळींना लवकर निघावयाचे आहे असे कळले, तेव्हा त्यांचे प्रश्न आधी घेऊ.