मांडून बघा



एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसणारी मुलं महाराष्ट्रात गावोगावी आहेत. संकल्पचित्राच्या तासाला त्यांना सांगितलं जातं की चित्रात तोल हवा, लय हवी, विरोध हवा, प्रमाण हवं. मुलं कंपासने वर्तुळं काढतात आणि पोस्टर कलरने नेटकी रंगवतात. पण तोल म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच येतं: उजवीकडे जे, तेच डावीकडे. ही तत्त्वं आधी बोटांना कळावी लागतात, असं माझं ठाम मत आहे. आणि बोटांना ती शिकवायला अडगळीतल्या वस्तूंइतकं चांगलं साधन नाही.

याचा एक दाखला पाहा. जर्मनीतल्या वायमार शहरात १९१९ साली वॉल्टर ग्रोपिअस या वास्तुरचनाकाराने बाउहाउस ही कलाशाळा काढली. देश महायुद्धात हरलेला, लोकांचे हाल चाललेले. दुसऱ्याच वर्षी तिथे जोसेफ आल्बर्स हा विद्यार्थी आला. वय ३२, त्याआधी शाळामास्तर, आणि खिसा रिकामा. रंग नि कॅनव्हास विकत घेणं परवडेना, म्हणून तो पाठीला पिशवी लावून, हातोडा घेऊन शहराच्या कचराडेपोवर जाऊ लागला आणि फुटक्या काचा वेचून आणू लागला. त्या काचा तारेने, धातूच्या पट्ट्यांनी जोडून तो उजेडासमोर धरायच्या चौकटी करायचा. त्या दाखवताना आता आपल्याला शाळेतून काढणार, अशी त्याला धास्ती होती. झालं उलटंच. काचेची कार्यशाळाच त्याच्याकडे सोपवण्यात आली.

त्या काचांकडे जरा जवळून पाहू. बाटलीचं बूड जाड असतं, म्हणून तिथला हिरवा रंग गडद. अंगाची काच पातळ, तिथे तोच हिरवा पोपटीकडे झुकतो. आता हे दोन तुकडे शेजारी ठेवायचे की मध्ये एक तपकिरी तुकडा घालायचा? तुकड्याचा आकार ठरलेला, रंग ठरलेला. तुमच्या हाती काय उरलं? कुठे ठेवायचा, कशाशेजारी, किती अंतरावर, एवढंच. आणि श्रोतेहो, संकल्पन म्हणतात ते नेमकं हेच आहे. पेन्सिल हातात असली की आपण आकार आपल्या सोयीने वळवतो, चुकलं की खोडतो. वेचून आणलेली वस्तू असं काही करू देत नाही. तिच्या जागेचा निर्णय घ्यावाच लागतो.

हाच आल्बर्स १९२३ पासून बाउहाउसमध्ये नव्या विद्यार्थ्यांना शिकवू लागला. त्याच्या एका तासाची आठवण त्याच्या विद्यार्थ्याने सांगितलेली आहे. आल्बर्सने वर्गात वर्तमानपत्रं वाटली आणि सांगितलं की या कागदाचं असं काहीतरी करा की कागदाचा कस दिसेल. कात्री, डिंक शक्यतो नको. काही तासांनी तो परत आला तेव्हा कोणी जहाज केलं होतं, कोणी किल्ला, कोणी विमान. त्याचं म्हणणं पडलं की या वस्तू दुसऱ्या सामानाच्या याहून चांगल्या झाल्या असत्या. मग त्याने एक अगदी साधा कागद उचलला. एका विद्यार्थ्याने तो नुसता उभा दुमडला होता. एरवी लोळणारा कागद त्या घडीमुळे ताठ उभा होता. कागद काय करू शकतो, हे त्या एका घडीत दिसत होतं.

आपल्याकडच्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धांबद्दल मला इथे बोललं पाहिजे. बाटलीला रंग फासायचा, टिकल्या लावायच्या, वर कागदी फुलं खोवायची, आणि बाटली ओळखूच येणार नाही अशी झाली की बक्षीस. मुलांची मेहनत खरी असते, पण बाटलीकडे कोणी पाहिलेलंच नसतं. वस्तू लपवून वस्तूपासून शिकता येत नाही.

नाझींच्या दडपणामुळे १९३३ साली बाउहाउस बंद पडलं. आल्बर्स आणि त्याची विणकर पत्नी ॲनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात गेले. ॲनीने तिथे एका विद्यार्थ्याच्या साथीने केलेला एक हार प्रसिद्ध आहे. त्याचं पदक म्हणजे मोरीच्या तोंडावर बसवायची जाळी, आणि खाली झुलणाऱ्या लोलकांच्या जागी पेपर क्लिपा. जाळीची गोल भोकं आणि क्लिपांच्या लांबट कड्या, एवढ्यावर तो हार उभा आहे.

याच कॉलेजात १९४६ मध्ये रूथ असावा शिकायला आली. अमेरिकेतल्या जपानी शेतकऱ्यांची मुलगी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्याच छावणीत डांबली गेलेली. कॉलेजच्या धोबीखान्यात कपड्यांवर मारायचा, कॉलेजच्या आद्याक्षरांचा एक शिक्का होता. तो तिने कागदावर पुन्हापुन्हा उमटवला. अक्षरं वाचण्यापुरती राहिली नाहीत, ओळींच्या लाटा झाल्या. लय म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीने दाखवलेलं मला माहीत नाही. ती पुढे मोठी शिल्पकार झाली. १९६८ साली तिने सॅन फ्रान्सिस्कोतल्या अल्वाराडो शाळेत मुलांसाठी कला कार्यशाळा सुरू केली. सामान काय, तर दुधाची रिकामी खोकी, सुतळीचे तुकडे, कणकेसारखा मळलेला पिठाचा गोळा. त्या शहरातल्या सरकारी कलाशाळेला आज तिचंच नाव आहे.

आता तुमच्या घरात या. जमिनीवर पांढरा कागद पसरा. डावीकडे नारळाची एक करवंटी ठेवा आणि उजवीकडे चिंचोके मांडा. डोळ्याला दोन्ही बाजू सारख्या भाराच्या वाटेपर्यंत मांडत राहा. मग चिंचोके कडेकडे सरकवा. आता थोडे कमी केले तरी चालतात, हे मुलांच्या आपसूक लक्षात येतं. पांढऱ्याच्या जागी तपकिरी कागद घ्या, की चिंचोके विझतात आणि सगळा हिशेब बदलतो. तोल, अंतर आणि विरोध यांचा धडा इथे एकत्रच होतो. मात्र काहीही चिकटवू नका. चिकटवलं की हलवणं थांबतं, आणि खरं शिकणं त्या हलवण्यात आहे.

चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. संकल्पचित्राचे पहिले दोन तास कंपासपेटी उघडू नका. मुलांना वाळकी पानं, बुचं, बटणं, बिया आणायला सांगा, ते सगळं मांडू द्या, मोडू द्या, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हे इथेच का ठेवलंस? उत्तर द्यायला त्याला घाई करू नका.